मे महिन्याचा रंग

मार्च लागला की मी मे महिन्याचा रंग मागवते.

बडोद्याचं ऊन होळीनंतर चढायला लागतं. एप्रिलच्या मध्यापर्यंत माझे हात कोपरापासून बोटांपर्यंत चांगलेच रापतात, आणि त्यांच्यावरचे पांढरे डाग मात्र होते तसेच राहतात. तिथे रंग तयार करणाऱ्या पेशीच उरलेल्या नाहीत. ऊन लागलं तर ती जागा लाल होते, भाजते, पण सावळी होत नाही. डाग वाढलेला नसतो, तरी त्याची कड उठून दिसायला लागते. डाग झाकायच्या क्रीमची जी शेड जानेवारीत हातावर बेमालूम मिसळते, तीच मे महिन्यात राख फासल्यासारखी दिसते. म्हणून मला वर्षाला दोन रंग लागतात, एक थंडीचा आणि एक उन्हाळ्याचा, आणि मला जुळणारे दोन्ही बडोद्यात मिळत नाहीत. पार्सल यायला तीन आठवडे लागतात, कधी पाच. मग शिमगा झाला की सकाळच्या उजेडात हात खिडकीशी धरायचा, अजून न लागलेल्या उन्हाचा अंदाज बांधायचा आणि ऑर्डर टाकायची.

मला कोड आहे. हा शब्द आमच्या घरात वीस वर्षं कुणी उच्चारला नाही. आई ‘ते डाग’ म्हणायची, आजी ‘तिचं ते’ म्हणायची, आणि बाहेरच्यांना ‘ॲलर्जी आहे’ असं सांगितलं जायचं. जगात शंभरातल्या अर्ध्या ते दोन माणसांना कोड असतं. ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही, आणि कुष्ठरोगाशी त्याचं काही नातं नाही. तरी जुन्या माणसांच्या तोंडी ‘पांढरं कोड’ आणि ‘पांढरं कुष्ठ’ हे दोन शब्द एकाच दमात येतात, आणि त्या दुसऱ्या शब्दानं मुलींची ठरलेली लग्नं मोडलेली मी पाहिली आहेत.

माझा पहिला डाग टिकलीखाली आला. १९९४ साल, बारावीचं वर्ष. कपाळावर मधोमध टिकलीएवढाच गोल. डॉक्टरांनी आधी टिकलीच बंद करायला सांगितली. चिकटणाऱ्या टिकल्यांच्या डिंकात पॅरा टर्शरी ब्यूटिल फिनॉल नावाचं एक रसायन असू शकतं आणि त्यानं काहींच्या त्वचेचा रंग त्या जागी जातो, हे आम्हाला तेव्हा कळलं. आईनं घरातली टिकल्यांची सगळी पाकिटं त्याच संध्याकाळी फेकून दिली आणि पुढे कितीतरी दिवस ती स्वतःलाच बोल लावत राहिली, कारण शाळेच्या गॅदरिंगपासून मला टिकली लावायची ती. पण नंतर बोटांच्या सांध्यांवर डाग आले, मग ओठांच्या कोपऱ्यांत, आणि टिकलीचा काही संबंध उरला नाही. बावचीचं तेल लावून गच्चीवर दहा मिनिटं उन्हात बसायचं, असा उपचार दोन वर्षं चालला. एकदा दहाची वीस मिनिटं झाली आणि हाताला फोड आले. त्यानंतर मी गच्ची सोडली.

झाकता येतं, हे एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यांनी चिठ्ठीवर इंग्रजीत क्रीमचं नाव लिहून दिलं आणि म्हणाल्या, इथे नाही मिळणार, कुणी येणारं-जाणारं असेल तर मागवा.

येणारं-जाणारं माणूस बडोद्यात कुणाकडे नसतं? दांडिया बाजारात आमच्या समोरच्या घरात एक गुजराती कुटुंब राहायचं. काकींचा थोरला मुलगा न्यू जर्सीत होता. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे परदेशातल्या मुलांचा मोसम: लग्नं, मुंजी, वास्तुशांती, दातांची राहिलेली कामं, सगळं त्या सहा आठवड्यांत उरकायचं. माणशी दोन बॅगा, आणि त्या बॅगांत अख्ख्या गल्लीच्या फर्माइशी. बाबा ती चिठ्ठी घेऊन समोर गेले. काकींनी मायेनं विचारलं, “कोना माटे, भाई?” कुणासाठी? बाबांनी सांगितलं. त्या बिचाऱ्या तेव्हाच उठल्या आणि कोपऱ्यावरच्या बूथमधून मुलाला फोन लावला. लाइन खराब होती. पलीकडे ऐकू जाईना. काकी क्रीमच्या नावाचं एकेक अक्षर सांगत होत्या, त्याला कळत नव्हतं, आणि शेवटी त्या बूथचं दार उघडं असताना जिवाच्या आकांतानं ओरडल्या, “सफेद डाघ माटे! सामेवाळी छोकरी माटे!”

मी तेव्हा दळण घेऊन परत येत होते. डबा हातात धरून तिथेच उभी राहिले.

काकींच्या मनात काही वाईट नव्हतं. हे मी आज लिहितेय तेव्हाही मनापासून लिहितेय. त्या डिसेंबरात क्रीम आलं, पैसे त्यांनी घेतले नाहीत, आणि जाताना त्यांच्या मुलाच्या बॅगेत आईनं लिलो चिवड्याचे दोन पुडे आणि भाकरवडीचा डबा भरला. पुढची वीस-एकवीस वर्षं हेच चाललं. दर डिसेंबरात एक ट्यूब यायची, दर जानेवारीत चिवडा जायचा. ट्यूब घ्यायला मी समोर जायचे, आणि काकी माझा हात त्यांच्या दोन्ही हातांत घेऊन उलटासुलटा करून बघायच्या. “वध्या तो नथी ने?” वाढले तर नाहीत ना? त्यांच्या बोटांना तुपाचा वास असायचा. ती माया खरी होती. आणि त्या मायेपुढे दरवर्षी एकदा हात उघडा करून उभं राहावं लागायचं, हेही खरं होतं. काकी आता नाहीत. डिसेंबर आला की मला आजही त्यांच्या ओसरीची आठवण येते, आणि तो हात आखडून घ्यायची इच्छाही आठवते. दोन्ही एकदम येतात, वेगळं करता येत नाही.

पहिली ट्यूब माझ्या रंगाची नव्हतीच. ती गुलाबी होती. पाश्चात्त्य गोऱ्या कातडीत तांबूस छटा असते, आणि तिकडची जुनी शेडकार्डं त्या हिशेबानं बांधलेली. आपल्या गव्हाळ रंगाखाली पिवळसर, कधी हिरवट झाक असते. ती गुलाबी शेड माझ्या हातावर कॅलामाइनसारखी दिसायची. मी दुकानातल्या गडद कॉम्पॅक्टची पूड खरवडून तिच्यात मिसळायची, वाटीच्या पालथ्या बाजूवर, बोटानं. त्याच मिश्रणावर मी नोकरीची मुलाखत दिली.

ही क्रीम नेमकी काय असतात हे सांगायला हवं, कारण ‘कॉस्मेटिक’ म्हटलं की लिपस्टिक आणि चैन डोळ्यांसमोर येते. डाग झाकायच्या क्रीममध्ये साध्या फाउंडेशनपेक्षा कितीतरी जास्त रंगद्रव्य असतं. टिटॅनियम डायऑक्साइडचं पांढरं, आणि लोहाच्या ऑक्साइडांचे पिवळा, तांबडा, काळा. ते घट्ट असतं, मेणासारखं. हाताच्या मागच्या बाजूवर मुगाएवढं घ्यायचं, बोटाच्या उबेनं मऊ करायचं, आणि डागावर टिपत टिपत दाबायचं, घासायचं नाही. पहिला थर पातळ. तो बसला की दुसरा, कडेच्या थोडा पलीकडे नेऊन विरवायचा. मग त्यावर भरपूर पावडर, पाच-दहा मिनिटं तशीच ठेवायची आणि मऊ ब्रशनं झटकायची. नीट बसलं तर घामानं जात नाही, पाण्यानं जात नाही.

ही विद्या जुनी आहे. अमेरिकेत लिडिया ओ’लिअरी नावाच्या बाईंच्या चेहऱ्यावर जन्मापासून जांभळा डाग होता. त्यांनी स्वतःसाठीच अशी क्रीम तयार केली, ‘कव्हरमार्क’ नावानं विकायला आणली आणि १९३२ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. मला त्यांचा फार आधार वाटतो. गरज होती म्हणून बनवलं, इतकी साधी ती गोष्ट.

तर २०१९ पर्यंत माझं बॅगेवर भागत होतं. मधूनमधून काकींचा मुलगा पोस्टानंही पाठवायचा, भेटवस्तू म्हणून. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटीवर ड्युटी लागत नसे. १२ डिसेंबर २०१९ ला परदेश व्यापार महासंचालनालयाचा आदेश आला आणि ती सोय संपली. आता भेट असली तरी पूर्ण ड्युटी भरूनच. सूट राहिली ती जीवरक्षक औषधांना आणि राख्यांना. राखीला सूट ठेवणाऱ्या त्या अज्ञात अधिकाऱ्याबद्दल मला तेव्हाही बरं वाटलं होतं. पुढे तीन महिन्यांत, मार्च २०२० मध्ये, परदेशी विमानं बंद झाली. नेहमीच्या फेऱ्या पुन्हा सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. म्हणजे पोस्टाची वाट महाग झाली आणि बॅगेची वाट दोन वर्षं मिटली.

आणि नेमक्या त्याच काळात मला क्रीम तिप्पट लागायला लागलं.

मी बँकेत काउंटरवर बसते. लॉकडाउनमध्येही बँका चालू होत्या. तोंडावर मास्क आला, ओठांच्या कोपऱ्यांतले डाग त्याखाली गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या चेहऱ्याचा विचार न करता घराबाहेर पडले. पण हातांवर दर अर्ध्या तासाला सॅनिटायझर. पाण्याला न बधणारं ते क्रीम अल्कोहोलपुढे टिकत नाही. अकरा वाजेपर्यंत बोटांचे सांधे उघडे पडायचे. लोक तेव्हा आधीच धास्तावलेले. काचेखालच्या फटीतून नोटा सरकवताना एका खातेदारानं माझी बोटं पाहिली आणि हात मागे घेऊन म्हणाले, तिथे ठेवा, मी घेतो. भीती सगळ्यांनाच होती, त्यांना कशाची होती कुणास ठाऊक. मी नोटा ठेवल्या. त्या रात्री ट्यूब कापून आतलं चमच्यानं खरवडून काढलं.

माझा भाचा तेव्हा इंदूरहून आमच्याकडे येऊन अडकला होता. तो अमेरिकेतून कसल्याशा मॉडेलचे सुटे भाग मागवायचा. त्यानं माझी ती कापलेली ट्यूब पाहिली, नाव वाचलं, फोनवर शोधलं आणि म्हणाला, “मावशी, हे लोक भारतात पाठवत नाहीत. पण तुला माणूस कशाला लागतो? पत्ता लागतो फक्त.”

त्या रात्री दहा मिनिटांत मला अमेरिकेत पत्ता मिळाला. डेलावेअर राज्यात एक गोदाम, आणि त्यात माझ्या नावाचा एक क्रमांक. डेलावेअर अशासाठी, की तिथे विक्रीकर नाही. ओरेगनमध्येही नाही, म्हणून बऱ्याच फॉरवर्डरांची, म्हणजे दुसऱ्याचा माल पुढे पाठवणाऱ्या कंपन्यांची, गोदामं या दोन राज्यांत दिसतात. दुकानाच्या दृष्टीनं मी तिथली गिऱ्हाईक. दुकान माल तिथे पाठवतं, गोदामवाले तो माझ्या क्रमांकाखाली ठेवतात, आणि मी सांगेन तेव्हा भारतात रवाना करतात. दुकानानं माझं कार्ड घेतलं नाही, बिलाचा पत्ता अमेरिकेतला हवा म्हणाले. त्यावरही तोड होती: थोडं कमिशन घेऊन फॉरवर्डरच आपल्यासाठी खरेदी करतो. मी नकाशावर ते ठिकाण पाहिलं. लांबच लांब करडं छप्पर, बाजूला ओळीनं ट्रक. एवढंच.

पाचव्या दिवशी ईमेल आली, खोक्याच्या फोटोसकट. दोन ट्यूबा आणि एक पावडरची डबी, आणि खोकं बुटांचा जोड मावेल एवढं! वजनाच्या रकान्यात १.८ किलो. मला वाटलं चूक झाली, दोनशे चाळीस ग्रॅमच्या वरचा माल नव्हता. भाच्यानं हिशेब समजावला. विमानात जागा विकली जाते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजारांनी भागायचं. तीस गुणिले वीस गुणिले पंधरा म्हणजे नऊ हजार, भागिले पाच हजार, १.८. आतल्या हवेचेच पैसे. ‘पुन्हा बांधा’ असं बटण होतं, त्याचे तीन डॉलर. दुसऱ्या दिवशी नवा फोटो आला: सोळा, बारा, आठ. तीनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्ध्या किलोचा टप्पा. कुणीतरी त्या तीन वस्तू हातात घेऊन, नेमक्या मापाचं खोकं शोधून, कोपऱ्यांत कागद कोंबला होता. फोटोच्या कडेला निळा हातमोजा दिसत होता. तो हात मी बराच वेळ बघत बसले.

मग आला तो अर्ज, ज्याच्यासाठी हा सगळा लेख मी लिहायला घेतला. वस्तूचं वर्णन. नग. किंमत. हेतू. वर्णनात मी लिहिलं: चेहऱ्याची क्रीम. हेतूच्या रकान्यात दोन-चार पर्याय होते, मी ‘वैयक्तिक वापर’ निवडला. पान पुढे सरकलं. पुढचा प्रश्न पैसे कसे भरणार, हा होता.

कोना माटे, हे कुणी विचारलंच नाही. वाढले का, असंही नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा हे क्रीम मला कुणाला काहीही न सांगता मिळत होतं. अनोळखी माणसाच्या बेफिकिरीत इतका सुटल्यासारखा मोकळेपणा असू शकतो याची मला कल्पना नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि रडले. हे काकींच्या विरुद्ध नाही. ज्याला प्रत्येक गोष्टीसाठी कुणाच्या तरी मायेवर अवलंबून राहावं लागतं, त्याला काय म्हणतेय ते कळेल.

पैशांचं मात्र आधी सांगितलेलं बरं. माल नव्वद डॉलरचा, त्या वेळच्या भावानं सहा हजार सहाशेच्या आसपास. भाडं चोवीस डॉलर. आणि मुंबईत कस्टमची ड्युटी, माल आणि भाडं मिळून जी रक्कम होते तिच्यावर. माझ्या बिलावर होतं ३५ टक्के मूळ शुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्या बेरजेवर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. कागदावर करून बघा, शंभराचे १७७ रुपये २८ पैसे होतात. साडेसहा हजार ड्युटी गेली. कुरिअरवाल्यांची कस्टमची वेगळी फी. दोन ट्यूबा आणि एक डबी घरात पंधरा हजारांच्या वर पडली. दर आता उतरलेत, पण चैनीच्या वस्तूला लागावी तशी ड्युटी माझ्या बोटांच्या सांध्यांना लागते, हे मला अजूनही बोचतं. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी सल्ला दिला, किंमत कमी लिही. मी लिहीत नाही. एक तर मी दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब सांभाळते. आणि लिहिलेल्या किमतीवरच विमा असतो. खोकं हरवलं तर खोट्या किमतीचे खोटे पैसे हातात येतील.

शिकत गेले तसतसे ठेचाही खाल्ल्या. एकदा क्रीमवर मारायचा फिक्सिंग स्प्रे मागवला. गोदामानं तो बाजूला काढला: दाबाखालचा डबा, पेट घेणारं द्रव्य, विमानात चालत नाही. नेलपॉलिश, अत्तर, स्प्रे यांना धोकादायक मालाचे वेगळे नियम आहेत, आणि बहुतेक फॉरवर्डर त्या भानगडीत पडत नाहीत. स्प्रेचे पैसे गेले. दुसरी ठेच जास्त लागली. २०२३ च्या मे महिन्यात माझं पार्सल ओळखीच्या कागदांसाठी अडलं. आधारची प्रत मागणारी ईमेल माझ्या स्पॅममध्ये पडून होती. ते उघडकीला येऊन सुटेपर्यंत अकरा दिवस खोकं कुठल्या तरी पत्र्याखाली होतं. घरी उघडलं तर ट्यूबमधून आधी पिवळं तेल आलं आणि मग कोरडा, दाणेदार चोथा. मेण, तेल, रंग, सगळं फाटलं होतं. फॉरवर्डरचं म्हणणं, विमा हरवण्याचा आणि फुटण्याचा, उन्हाचा नाही. कुरिअरचं म्हणणं, ईमेल वेळेवर पाठवली होती. मी तो चोथा पुन्हा घोटून बघितला, संध्याकाळभर. जमलं नाही. तेव्हापासून मे महिन्याचा रंग मी मार्चमध्येच आणते, आणि ट्रॅकिंगवर ‘मुंबई’ दिसलं की रोज स्पॅम उघडते.

एवढं करण्यापेक्षा इथलंच काहीतरी घे, असं बहीण म्हणते. इथे काही ब्रँड आले आहेत, चांगलेही आहेत, पण मला लागणारी ती हिरवट झाक त्यांच्यात सापडलेली नाही. परदेशी सौंदर्यप्रसाधन भारतात विकायला आणायचं तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे नोंदणी लागते, २०१३ पासून ती सक्तीची आहे. नोंदणी असावीच. पण एवढ्याशा गिऱ्हाइकासाठी एखादी छोटी कंपनी वीस-पंचवीस शेड घेऊन त्या दारात का उभी राहील, हे मला समजतं. मग बाजारात उरतात ती ‘इंपोर्टेड’ म्हणून मिळणारी, कुठून आली ते न सांगणारी क्रीम. त्यांच्यापासून मी लांबच राहते, आणि दुसऱ्यांनाही हात जोडून सांगते. गोरं करणाऱ्या काही बेनामी क्रीममध्ये पारा सापडलेला आहे. आणि नाव असलेल्यांचंही काय झालं, ते जपानला विचारा. २०१३ च्या जुलैमध्ये तिथल्या कानेबो कंपनीला रंग उजळवणारी चोपन्न उत्पादनं बाजारातून परत घ्यावी लागली. त्यांच्यातल्या रोडोडेनॉल नावाच्या घटकानं अठरा हजारांहून जास्त लोकांच्या त्वचेवर पांढरे डाग उठले होते. गोरं व्हायला गेलेल्या बायकांच्या गळ्यावर, हातांवर. ती बातमी वाचली तेव्हा मला त्या बायकांजवळ जाऊन बसावंसं वाटलं होतं. त्यांना पहिला थर पातळ लावायचा हे तरी कुणी सांगितलं असेल का, असं सारखं मनात येत होतं.

आजकाल मला आणखी एक गोष्ट ऐकवली जाते. झाकतेस कशाला, स्वीकार कर. म्हणणारी माणसं चांगली असतात. मी रविवारी काहीच लावत नाही. सुरसागर तलावाच्या काठानं सकाळी फिरते, भाजी घेते, डाग उघडे. माझ्या मुलीनं मला दोन्ही रूपांत पाहिलंय आणि तिला त्यात काही विशेष वाटत नाही. पण सोमवारी काउंटरवर बसायचं असतं, आणि दिवसातून दोनशे माणसांशी माझ्या बोटांबद्दल बोलायची माझी तयारी नसते. कधी झाकायचं आणि कधी नाही हे मी ठरवणार, आणि ते ठरवायला डबीत क्रीम असावं लागतं.

गेल्या नोव्हेंबरच्या शेवटी समोरच्या काकींची नात आली. धाकट्या मुलाची मुलगी, विद्यापीठात फाइन आर्ट्सला आहे. दारात चप्पल काढतानाच तिनं बाही खाली ओढली. बराच वेळ इकडचंतिकडचं बोलली. मग म्हणाली, “मासी, तुम्ही ते कुठून मागवता? बा तुमच्यासाठी आणवायच्या ते?” तिच्या मनगटावर रुपयाएवढा डाग होता, अंगठ्याच्या बाजूला, कडा अगदी ताज्या.

मी तिला कुणासाठी ते विचारलं नाही. लॅपटॉप उघडला. तिचं खातं काढलं, पत्ता मिळाला, तिचा स्वतःचा क्रमांक मिळाला. हेतूच्या रकान्यापाशी ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. “एवढंच लिहायचं?” एवढंच, मी म्हटलं. मग आम्ही खिडकीशी गेलो. माझ्याकडच्या दोन शेडचे ठिपके मी तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावले. मी शेडची नावं वाचत होते आणि ती बघत होती, डोळे बारीक करून, चित्राकडे बघतात तशी. “यात तांबडा जास्त आहे,” ती एकाला म्हणाली. “ऑकर पाहिजे, तो मातकट पिवळा. आणि कणभर हिरवा.” पंचवीस वर्षं वाटीच्या पालथ्या बाजूवर मी जे चाचपडत होते, ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं. तिनं माझाही हात ओढून घेतला, उजेडात वळवून बघितला आणि यादीतली एक शेड दाखवली, जिच्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

तीन आठवडे धरले तर माल डिसेंबरच्या उत्तरार्धात येणार. थंडीची शेड घ्यायची, तिची एक आणि माझी ती नवी, एकाच खोक्यात, म्हणजे भाडं निम्मं. मी ऑर्डर टाकणार एवढ्यात तिनं माझं मनगट धरलं.

“मासी, उत्तरायणला पतंग उडवायला मी दोन दिवस गच्चीवर असते हां. सकाळपासून.”

मग तिच्यासाठी आम्ही एक शेड गडद घेतली.